वाचकांचे प्रश्न : मोन ही बर्मी भाषेची बोली आहे का?

प्रश्न : मित्राने म्यानमारमधल्या मोलम्याइनहून एका विहाराच्या पाटीचा फोटो पाठवला, म्हणाला ही मोन भाषा आहे. मला तर अक्षरं बर्मीच वाटली. मोन ही बर्मीची बोली आहे का?

उत्तर : नाही, अजिबात नाही, आणि हा गैरसमज खूप जणांचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. बर्मी ही तिबेटीच्या नात्यातली, तर मोन ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली, म्हणजे तिचं नातं कंबोडियाच्या ख्मेरशी, मेघालयातल्या खासीशी आणि लांबून का होईना मेळघाटातल्या कोरकूशी. बर्मीत क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी, मोनमध्ये ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. मग अक्षरं का सारखी? तर बहुतेक अभ्यासक म्हणतात की बर्मीनेच ती मोनकडून घेतली. म्यानमारमधल्या बागानचा म्याझेदी शिलालेख साधारण १११३ सालचा, त्यात एकच मजकूर पाली, प्यू, मोन आणि बर्मी अशा चार भाषांत आहे, आणि बर्मी तेव्हा नुकतीच लिहिली जायला लागली होती, मोनचे शिलालेख मात्र त्याच्या कित्येक शतकं आधीपासून, आजच्या थायलंडमधल्या द्वारावती या जुन्या राज्याच्या काळापासून सापडतात.

मुळात लिपी गेली दक्षिण भारतातून, त्यामुळे वर्णमाला आपलीच, क ख ग घ ङ. पण मोन मूल ती म्हणतं तेव्हा क, ख नंतर साधारण केअ, खेअ, ङेअ असं ऐकू येतं. लिहायचं ग आणि म्हणायचं क, फक्त आवाज श्वास सोडत, मऊ होतो आणि स्वरही बदलतो. म्हणजे जुना ग उच्चारातून गेला पण जाताना त्याची खूण पुढच्या स्वरात ठेवून गेला. थायसारखे टोन (आवाजाच्या चढउताराने अर्थ बदलणं) मोनमध्ये नाहीत, हा मऊ-स्वच्छ आवाजाचा फरकच शब्दाचा अर्थ बदलतो. मला या भाषेतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

प्रश्न : आज किती लोक मोन बोलतात? मुलांना शाळेत शिकवतात का?

उत्तर : अंदाज साधारण आठ ते दहा लाखांचे आहेत. (२०१४ च्या जनगणनेतले वांशिक आकडे सरकारने जाहीरच केले नाहीत.) बहुतेक लोक मोन राज्यात आणि शेजारच्या कायिन राज्यात. थायलंडमध्ये को क्रेत, फ्रा प्रादेंग इथली जुनी मोन घराणी आता बहुतांशी थायच बोलतात, पण समुत साखोनच्या मासळी कारखान्यांत म्यानमारहून आलेले मोन कामगार आहेत, त्यांच्यात भाषा ऐकू येते.

शाळेचं म्हणाल तर १९६२ च्या लष्करी उठावानंतर सरकारी शाळांत मोनला जागा उरली नाही. ती जपली विहारांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत भिक्खू मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचे, आणि सरकारविरुद्ध लढणाऱ्या न्यू मोन स्टेट पार्टी या मोन संघटनेने स्वतःच्या शाळा चालवल्या. तिथे प्राथमिकला सगळं मोनमधून, मग हळूहळू बर्मी, म्हणजे पुढे सरकारी मॅट्रिकला मुलं अडत नाहीत. घरची भाषा आधी पक्की करून मग दुसरी, मला हीच पद्धत योग्य वाटते, आणि ती या लोकांनी युद्धाच्या काळात, तुटपुंज्या पैशात करून दाखवली याचं फार कौतुक वाटतं.

मोबाइलवरही त्रास होताच. म्यानमारभर चालणाऱ्या झॉजी फॉन्टने मोन, शान, करेन अक्षरांचे कोड बर्मी अक्षरांच्या वेगवेगळ्या आकारांसाठी वापरून टाकले, त्यामुळे मोनमध्ये टाइप केलेलं समोरच्याला भलतंच दिसायचं. २०१९ मध्ये देशाने अधिकृतपणे युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड देणारी जागतिक पद्धत) स्वीकारलं, तेव्हापासून बरंच सोपं झालंय.

प्रश्न : जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘तलाईंग’ वाचलं. ते वेगळे लोक का?

उत्तर : तेच लोक. पण हे नाव इतरांनी दिलेलं, मोन लोकांना ते अपमानास्पद वाटतं. ब्रिटिशांच्या कागदपत्रांत ते जागोजागी सापडेल, वाचताना ओळखू यावं इतपतच लक्षात ठेवा, तुम्ही स्वतः लिहाल तेव्हा मोनच लिहा.