वाचकांचे प्रश्न : स्टॉक एजन्सीवर चित्रे विकताना

प्रश्न : महिनाभरात माझी दोन चित्रे डाउनलोड झाली आणि खात्यात जेमतेम वीस सेंट आले. मोबदला एवढाच असतो का? (कोल्हापूर)

सुरुवातीला एवढाच असतो. शटरस्टॉक या स्टॉक एजन्सीवर, म्हणजे चित्रकारांची चित्रे ग्राहकांना ऑनलाइन विकणाऱ्या संकेतस्थळावर, वर्षातील पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत चित्रकाराचा वाटा १५ टक्के असतो. पुढे डाउनलोड वाढतील तसा तो टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत चढतो, पण १ जानेवारीला सगळ्यांनाच पुन्हा पहिल्या पायरीवर आणले जाते. ही पद्धत जून २०२० मध्ये आली. मोठी वर्गणी भरणाऱ्या ग्राहकाला एक चित्र फारच स्वस्त पडते, त्यामुळे तुमच्या वाट्याला किमान रक्कम येते, ती १० सेंट. अ‍ॅडोब स्टॉक ही दुसरी एजन्सी चित्रांसाठी सरसकट ३३ टक्के देते आणि वर्गणीतल्या डाउनलोडलाही किमान ३३ सेंट मिळतात. दोन्हीकडे पैसे काढायला २५ डॉलर जमावे लागतात. म्हणजे केवळ किमान दराने विक्री झाली, तर एकीकडे २५० डाउनलोड लागतील आणि दुसरीकडे ७६.

म्हणून एकाच एजन्सीवर थांबू नका. दोन्ही ठिकाणचा साधा करार अनन्य हक्काचा नसतो, तेच चित्र दोन्हीकडे ठेवता येते आणि स्वामित्वहक्क तुमच्याकडेच राहतो. मात्र दहा चित्रांवर महिन्याची कमाई मोजू नका. विक्री संग्रहावर होते. एकच दिवा दहा रंगांत रंगवून तो संग्रह वाढत नाही, उलट ‘समान चित्रे’ म्हणून सगळा गठ्ठा परत येतो.

प्रश्न : मी इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. फाइल पूर्ण वेक्टर (रेषा आणि आकारांची) असूनही ‘रास्टर (पिक्सेलचा) घटक आढळला’ म्हणून ईपीएस फाइल नाकारली गेली. दुसऱ्या ठिकाणी आकार लहान असल्याचे कळवले. माझे पान तर ४०००×४००० पिक्सेलचे आहे. (नाशिक)

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. तुमचे चित्र ठीक आहे, गडबड ईपीएस तयार होताना होते.

आधी रास्टरचे पाहू. ईपीएस ज्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेवर उभे आहे, त्यात पारदर्शकता ही सोयच नाही. अ‍ॅडोबचा इलस्ट्रेटर ईपीएस १० मध्ये स्वतःची जादा माहिती भरून ती सांभाळतो. इंकस्केपला ते जमत नाही, म्हणून ८० टक्के अपारदर्शक सावली, ब्लर, मास्क किंवा पारदर्शकतेत विरणारा ग्रेडियंट (रंगाचा चढउतार) दिसला की तेवढ्या भागाचे तो गुपचूप पिक्सेल करून टाकतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. सावलीचा डोळ्यांना दिसणारा रंग ड्रॉपरने उचला, तोच सपाट रंग आकाराला द्या आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) १०० करा. ग्रेडियंटचे दुसरे टोक पारदर्शक न ठेवता मागच्या पार्श्वभूमीच्या रंगाचे करा. ब्लरऐवजी दोन-तीन सपाट छटांचे आकार एकावर एक ठेवा. मग अक्षरे आणि मूळ आकार ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ने आणि रेघा ‘स्ट्रोक टू पाथ’ने पाथमध्ये बदला. हे सगळे प्रतीवर करा, इंकस्केपची मूळ एसव्हीजी फाइल तशीच ठेवा.

तपासणी सोपी आहे. तयार झालेली ईपीएस इंकस्केपमध्येच पुन्हा उघडा आणि आउटलाइन दृश्य लावा. कुठे फुली मारलेला चौकोन दिसला, तर तिथे रास्टर उरले आहे. याच दृश्यात भटके बिंदू, उघडे पाथ आणि पानाबाहेर विसरलेले तुकडेही सापडतात. स्कॅन करून ऑटो-ट्रेस केलेल्या चित्रात तर हजारो बारीक बिंदूंचा चिखल दिसतो. ते हाताने साफ करण्यापेक्षा पेन टूलने नव्याने काढलेले बरे.

आता आकार. इंकस्केप एका इंचात ९६ पिक्सेल मोजतो, ईपीएस ७२ पॉइंट मोजते. त्यामुळे तुमचे ४००० पिक्सेल तिथे ३००० पॉइंट होतात आणि चित्र १६ नव्हे, ९ मेगापिक्सेलचे ठरते. अ‍ॅडोबला आर्टबोर्ड (चित्राचे पान) किमान १५ मेगापिक्सेलचा हवा असतो, शटरस्टॉकला ४ ते २५ च्या मधला. इंकस्केपमध्ये पान ५२००×५२०० ठेवा. ईपीएसमध्ये ते ३९००×३९०० होईल, म्हणजे सव्वापंधरा मेगापिक्सेलच्या आसपास, आणि एकच फाइल दोन्हीकडे चालेल.

प्रश्न : गुढीपाडव्याची चित्रे आठवडाभर आधी चढवली, पण एकही विकले गेले नाही. कीवर्डही भरपूर दिले होते. (ठाणे)

आठवडाभर आधी ग्राहकाचे काम आटोपलेले असते. जाहिरात संस्था सणाचे साहित्य महिना-दीड महिना आधी शोधते, आणि चित्राची तपासणी होऊन ते शोधात वर यायलाही वेळ लागतो. पाडव्याची चित्रे डिसेंबर-जानेवारीत, गणपतीची मे-जूनमध्ये जायला हवीत. चित्रावर साल घालू नका, म्हणजे तेच चित्र दरवर्षी चालेल.

कीवर्ड अ‍ॅडोबवर ४९ पर्यंत आणि शटरस्टॉकवर ७ ते ५० देता येतात, पण कोटा भरलाच पाहिजे असे नाही. अ‍ॅडोबवर पहिल्या दहांना सर्वाधिक वजन असते, तिथे नेमके शब्द ठेवा. इंग्रजीत ‘गुडी’ आणि ‘गुढी’ ही दोन्ही स्पेलिंगे शोधली जातात, ती दोन्ही द्या. मग चित्रात दिसते ते लिहा : कळकाची काठी, तांब्या, कडुनिंबाची डहाळी, साखरेच्या गाठी, झेंडूचा हार. त्यानंतर वापर सांगा : शुभेच्छापत्र, बॅनर, मजकुरासाठी मोकळी जागा. ‘सुंदर’, ‘आकर्षक’ असे शब्द कुणी शोधत नाही. सण त्याच दिवशी येतो म्हणून गुढीच्या चित्राला ‘उगादी’ जोडू नका. उगादीला गुढी उभारत नाहीत, आणि चुकीच्या शोधात वर आलेले चित्र कुणी उघडत नाही.

देवनागरी मजकूर घालत असाल, तर तो वेगळ्या लेअरवर ठेवा आणि पाथमध्ये बदलण्यापूर्वी वाचून पाहा. इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा कंपोझर (अक्षरे नीट जुळवणारी सोय) चालू नसेल, तर ‘हार्दिक’मधला रफार सरकतो आणि ‘शुभेच्छा’तले जोडाक्षर फुटते. तपासनिसाला मराठी येत नसेल, तर चित्र मंजूरही होते. पण मराठी ग्राहक ते घेणार नाही, आणि घेऊही नये. फाँट व्यावसायिक वापराची परवानगी असलेलाच हवा. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ खुल्या परवान्याचे आहेत.

प्रश्न : वारली शैलीतली चित्रे विकावीत का? मी वारली समाजातली नाही. (पालघर)

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे ‘अस्सल वारली चित्र’ अशा नावाने ती विकू नका, नाहीतर ज्यांची ही कला आहे त्यांच्या हक्कावर पाय पडेल. कुणा वारली कलाकाराचे लग्नचौक किंवा तारपानृत्याचे चित्र ट्रेस करणे तर उघड चोरी आहे. त्रिकोणी माणसांचा साचा सोडून तुमच्या परिसराकडे बघा. जांभळांच्या पाट्या, भाताचे उडवे, डहाणूचे चिकू यांची चांगली वेक्टर चित्रे कामी येतील.

प्रश्न : अमेरिकेचा कर ३० टक्के कापला गेला. तो वाचवता येतो का? (पुणे)

निम्मा वाचतो. एजन्सीच्या खात्यात डब्ल्यू-८बेन हा परदेशी व्यक्तींसाठीचा अमेरिकी कर-अर्ज भरा, देश भारत निवडा आणि परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन लिहा. नाव पॅनवर आहे तसेच असू द्या. भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवरचा कर १५ टक्क्यांवर येतो, आणि तोही फक्त अमेरिकी ग्राहकांना झालेल्या विक्रीवर. क्रमांक रिकामा ठेवला, तर करार लागू होत नाही. अर्ज सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरपर्यंत चालतो, मग नव्याने भरावा लागतो. तिकडे कापलेल्या कराचे श्रेय इथल्या आयकरात मिळते. त्यासाठी विवरणपत्राबरोबर वेगळा ऑनलाइन अर्ज असतो आणि कर कापल्याचा पुरावा लागतो, म्हणून एजन्सीने दिलेले वार्षिक करपत्र आणि बँकेची परकीय रक्कम जमा झाल्याची पावती जपून ठेवा.

प्रश्न : एआयने बनवलेली चित्रे चालतात का? (छत्रपती संभाजीनगर)

शटरस्टॉक चित्रकारांकडून ती घेत नाही. अ‍ॅडोब घेते, पण चढवताना तसे नोंदवावेच लागते.