पश्चिम किनाऱ्यावर मोटरहोम नेताना
मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन पहिल्यांदाच निघताय ना दोघं, मग न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनाराच घ्या. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची. एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल अशा एकेरी पुलांवर मात्र जपा: पाटीवर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. फॉक्स ग्लेशियर गावात डिझेल भरूनच निघा. पुढे हास्ट गावापर्यंत सुमारे १२० किलोमीटर जंगल आणि समुद्रच. पुनाकाइकीच्या खडकाळ किनाऱ्यावर भरतीची वेळ बघून पोहोचा, तेव्हाच खडकांच्या भोकांतून पाणी उसळतं. आम्ही ओहोटीला गेलो, त्याची हळहळ अजून वाटते. तिन्हीसांजेला दार उघडं ठेवू नका, सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात आणि खाज दिवसेंदिवस जात नाही. सांडपाण्याची टाकी फक्त डंप स्टेशनवरच रिकामी करायची, कितीही घाई असली तरी.