ईटीओ (जहाजावरचा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर) व्हायचंय? मग आधी हे वाच

कोर्सची फी भरण्याआधी डोळे तपास. रंगांधळेपणा निघाला तर मेडिकललाच गाडी अडते, आणि हे अनेकांना पैसे भरल्यावर कळतं. दुसरं, संस्थेला डीजी शिपिंगची (केंद्र सरकारचं जहाजवाहतूक महासंचालनालय) मान्यता आहे का आणि एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते डीजीच्या साइटवर स्वतः बघ. नोकरीसाठी पैसे मागणारा दिसला की तिथूनच मागे फिर. खलाशांकडून भरतीचे पैसे घेणं नियमबाह्यच आहे.

आता कामाचं. किनाऱ्यावरची वायरिंग येते म्हणून जहाजावरची येईल असं समजू नकोस. बहुतेक जहाजांवर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि न्यूट्रल अर्थ केलेला (जहाजाच्या बॉडीला जोडलेला) नसतो. त्यामुळे एक फेज बॉडीला लागला तरी ब्रेकर पडत नाही, फक्त मेन स्विचबोर्डवर अर्थ फॉल्ट दाखवणाऱ्या दिव्यांपैकी एक मंदावतो. मग चीफ इंजिनिअरला विचारून एकेक फीडर (स्विचबोर्डवरून निघणारी लाइन) बंद करत फॉल्ट कुठे आहे ते शोधायचं. मी सुरुवात गॅलीच्या (जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या) हीटरपासून आणि डेकवरच्या दिव्यांपासून करतो. खाऱ्या पाण्यानं गंजलेली ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट जोडणी) नव्वद टक्के वेळा तिथेच सापडते (आकडा माझ्या अंदाजाचा, पण पैज लावायला तयार आहे).

ड्रॉइंग वाचायला शीक. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक कार्डं सोडवून घे. १००० व्होल्टच्या वरच्या जहाजांसाठी हाय व्होल्टेजचा कोर्स लागतो, तोही लवकर उरक. पगार चांगला आहे, पण रीफर (थंड माल ठेवायचे) कंटेनर रात्री दोनलाच अलार्म देतात.