डिग्री झाली, आता कारवान?

बी.व्ही.एस्सी. होऊन जनावरांचा डॉक्टर झालास, आता कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांची पिल्लं काढायचीत म्हणतोस. काढ की! पण डिग्रीनं जातिवंत कुत्रं ओळखता येत नाही. ते मी धनगरवाड्यांवर शिकलो. आधी वर्षभर एकच कुत्री पाळ, तिला पळताना बघ.

चुका बहुतेकांच्या याच:

- पहिल्याच माजाला कुत्रा दाखवणं. दीड वर्षाची तरी होऊ दे.
- गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं. डॉक्टर असून माझं एक असंच गेलं. आधी छातीशी धरून ऊब द्यायची, अंग गरम झालं की मगच दूध.
- कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७च्या नियमांप्रमाणे नोंदणी न करणं. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताही येत नाही.

गाभणपणाचे साधारण ६३ दिवस कॅलेंडरवर मांड. व्याली की स्वयंपाकघरातला वजनकाटा घे (घरचे ओरडतील), रोज पिल्लांचं वजन लिही. लाइन-ब्रीडिंगचं, म्हणजे एकाच वंशातल्या लांबच्या नात्यातल्या कुत्र्यांची जोडी लावण्याचं, नंतर बोलू.