मायकल जॉर्डन पास द्यायला शिकला म्हणूनच शिकागो बुल्स जिंकू लागले का? महान बास्केटबॉलपटू सहकाऱ्यांना नेमके कसे सामावून घेतात?

हे विधान मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि कॉलेजात खेळत होतो तेव्हा ते मलाही खरे वाटत असे. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये बुल्सकडून जॉर्डन आधी एकटाच खेळायचा, मग प्रशिक्षक फिल जॅक्सन आला, त्याने जॉर्डनला चेंडू सोडायला शिकवले आणि 1991 पासून अजिंक्यपदांची रांग लागली, अशी ती कथा आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ते आपण समजतो त्या ठिकाणी नाही.

प्रथम आकडे पाहू. 1986-87 च्या हंगामात जॉर्डनने सामन्यामागे सरासरी 37.1 गुण केले आणि 4.6 असिस्ट (म्हणजे सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास) दिले. त्या वर्षी बोस्टन सेल्टिक्सने बुल्सना पहिल्याच फेरीच्या मालिकेत 3-0 असे घरी पाठवले. 1988-89 मध्ये त्याच्या असिस्टची सरासरी 8 वर गेली, कारण हंगामाच्या उत्तरार्धात तत्कालीन प्रशिक्षक डग कॉलिन्सने चेंडू पुढे नेण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच दिली होती. तरीही ईस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पूर्व विभागाच्या) अंतिम फेरीत डेट्रॉइट पिस्टन्सने त्यांना हरवले. आणि ज्या 1990-91 मध्ये बुल्सनी पहिले अजिंक्यपद मिळवले, त्या हंगामात जॉर्डनचे असिस्ट सरासरी 5.5 पर्यंत खाली आले होते. संघात सर्वाधिक असिस्ट स्कॉटी पिपेनचे होते, सामन्यामागे 6.2. म्हणजे केवळ आकडे पाहिले तर जॉर्डन कमी पास देऊ लागला आणि संघ जिंकू लागला, असेच म्हणावे लागेल. तेही अर्थातच खरे नाही, परंतु पास किती दिले हे मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही एवढे यावरून नक्की कळते.

पास कोणत्या वेळी दिला जातो, यात या प्रश्नाचे मर्म आहे, असे मला वाटते. मी गेली काही वर्षे शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. प्रत्येक तुकडीत एक मुलगा इतरांपेक्षा फार पुढे असतो आणि त्याला पास द्यायला सांगितले की तो देतोही; फक्त आधी स्वतः सगळे करून पाहतो, तीन जण अंगावर आले, ड्रिबल थांबला, वेळ संपत आली की मग चेंडू जवळच्या मुलाकडे ढकलतो. ज्याला तो मिळतो त्याच्याकडे ना जागा असते ना वेळ. तो नेम चुकवतो आणि पुढच्या खेपेला त्याला पास मिळत नाही. वहीत असा पासही पासच असतो, पण प्रत्यक्षात ते आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे झाले. याउलट, समोरून दुसरा बचावपटू आपल्याकडे सरकू लागला आहे एवढे दिसताच सोडलेला चेंडू सहकाऱ्याला सेकंदभर मोकळीक देतो, आणि व्यावसायिक खेळाडूला तेवढा सेकंद पुरतो. मैदानावर पाच विरुद्ध पाच असतात; एका खेळाडूवर दोघे गेले की उरलेल्या चौघांसमोर तिघेच राहतात. महान खेळाडूचे खरे सामर्थ्य हे की तो दोघांना आपल्याकडे ओढतो, आणि संघाचे यश त्या चौघांपर्यंत चेंडू किती लवकर पोहोचतो यावर ठरते.

पिस्टन्सनी 1988 ते 1990 अशी सलग तीन वर्षे बुल्सना याच ठिकाणी अडवले. प्रशिक्षक चक डेली यांच्या संघाने जॉर्डनसाठी खास बचाव आखला होता, जो पुढे ‘जॉर्डन रूल्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या हाती चेंडू आला की त्याला ठरावीक दिशेलाच वळवायचे, दुसरा माणूस पाठवायचा, रिंगजवळ आला तर धक्के खायला लावायचे. हे सगळे जमत होते, कारण चेंडू कायम जॉर्डनकडेच असणार हे सर्वांना ठाऊक होते आणि बाकीचे चौघे बहुधा जागच्या जागी उभे राहून त्याच्याकडे बघत असत.

1989 मध्ये जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याने सहायक प्रशिक्षक टेक्स विंटरची ‘ट्रँगल ऑफेन्स’ ही पद्धत संघात रुजवली. तिचे तपशील किचकट आहेत, पण आपल्या प्रश्नापुरते सांगायचे तर तिच्यात तीन खेळाडू मैदानाच्या एका बाजूला त्रिकोणात उभे राहतात, चेंडू त्यांच्यात फिरतो आणि बचाव जसा हलेल तसा पुढचा पास ठरतो. जॉर्डनला ती सुरुवातीला पसंत नव्हती. मात्र तिच्यामुळे दोन गोष्टी झाल्या. चेंडू पुढे आणण्याचे काम मोठ्या प्रमाणात पिपेनकडे गेले, त्यामुळे रिंगपासून लांब अंतरावरच जॉर्डनला दोघांनी घेरण्याची सोय प्रतिस्पर्ध्याला राहिली नाही. आणि जॉर्डनला चेंडू मिळायचा तेव्हा बचाव आधीच हललेला असायचा. तरीही 1990-91 मध्ये सरासरी 31.5 गुणांसह लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच होते. त्याने नेम धरणे सोडले नाही, चेंडू धरून ठेवणे सोडले. 1991 मध्ये बुल्सनी पिस्टन्सना मालिकेत 4-0 असे हरवले.

त्या वर्षीच्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना मी पुढे ध्वनिचित्रफितीवर कितीदा पाहिला असेल याची गणती नाही. प्रतिस्पर्धी होता मॅजिक जॉन्सनचा लॉस एंजेलिस लेकर्स. लेकर्सचे बचावपटू बुल्सच्या जॉन पॅक्सनला मोकळा सोडून जॉर्डनकडे धावत होते. शेवटच्या टप्प्यात जॅक्सनने मोकळा कोण आहे असे जॉर्डनलाच विचारून त्याच्या तोंडून पॅक्सनचे नाव वदवून घेतले, अशी आठवण त्याने नंतर सांगितली आहे. अखेरच्या सुमारे चार मिनिटांत पॅक्सनने 10 गुण केले आणि बुल्सनी सामना 108-101 असा जिंकला. जॉर्डनचे 30 गुण आणि 10 असिस्ट, पिपेनचे 32 गुण, पॅक्सनचे 20. संपूर्ण मालिकेत जॉर्डनचे असिस्ट सरासरी 11.4 होते, म्हणजे साखळी सामन्यांतल्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. पास देण्याची क्षमता त्याच्यात 1989 मध्येही होतीच. मधल्या दोन वर्षांत चेंडू घेणारे हात मात्र तयार झाले होते. 1987 साली संघात आलेले पिपेन आणि होरेस ग्रँट हे तरुण आता पूर्ण वाढीचे खेळाडू होते, आणि याचे श्रेय एकट्या जॉर्डनला देणे मला अन्यायाचे वाटते.

अधिक पास म्हणजे अधिक यश, हा समज विल्ट चेंबरलेनच्या कारकिर्दीकडे पाहिले की पुरता ढासळतो. 1961-62 मध्ये त्याने सरासरी 50.4 गुण केले, 2 मार्च 1962 रोजी एकाच सामन्यात 100 गुण केले, पण अजिंक्यपद बिल रसेलच्या बोस्टनलाच मिळाले. 1966-67 मध्ये प्रशिक्षक ॲलेक्स हॅनमने त्याला स्वतःचे नेम कमी करून सहकाऱ्यांना खेळवायला राजी केले. विल्टची सरासरी 24.1 गुणांवर आली, असिस्ट 7.8 झाले, त्याच्या फिलाडेल्फिया संघाने साखळीत 81 पैकी 68 सामने जिंकले आणि अजिंक्यपदही मिळवले. कथा इथे थांबली असती तर आपल्या प्रश्नाला सोपे उत्तर मिळाले असते. परंतु पुढच्याच वर्षी, 1967-68 मध्ये, विल्टने संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे 702 असिस्ट दिले, आणि तोच संघ बोस्टनविरुद्ध 3-1 अशी आघाडी असताना मालिका गमावून बसला. सातव्या सामन्याच्या उत्तरार्धात विल्टने जेमतेम दोनदा नेम धरला. आपल्याला दोघांनी घेरावे एवढी भीतीच जर महान खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या मनात ठेवली नाही, तर त्याच्या पासला काही मोल उरत नाही. सहकाऱ्यांना सामावून घेणे म्हणजे स्वतः मागे होणे नव्हे, हे मी मुलांना सांगतो तेव्हा विल्टचा तो सामना माझ्या डोळ्यांपुढे असतो.

लेब्रॉन जेम्सबाबत चर्चा होते तेव्हा लोक फार कठोर होतात, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. 2007 च्या ईस्टर्न कॉन्फरन्स अंतिम फेरीत डेट्रॉइटविरुद्ध पहिल्या सामन्याच्या शेवटच्या क्षणांत तो रिंगकडे घुसला, बचाव त्याच्याकडे गोळा झाला आणि त्याने कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या डॉनियेल मार्शलला पास दिला. मार्शलने त्याआधीच्याच सामन्यात सहा थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले, तीन गुणांचे नेम) साधले होते. या वेळी नेम चुकला, लेब्रॉनचा संघ क्लीव्हलँड 79-76 असा हरला, आणि महान खेळाडूने अशा वेळी स्वतःच नेम धरायला हवा होता अशी टीका झाली. पाचव्या सामन्यात त्याने 48 गुण केले, संघाचे शेवटचे 25 गुण एकट्याने केले, तेव्हा तेच लोक म्हणाले की हा खरा लेब्रॉन. माझ्या मते मार्शलला दिलेला पास योग्यच होता. तो पास आणि जॉर्डनने पॅक्सनला दिलेले पास यांत निर्णयाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. फरक आहे तो चेंडू रिंगमधून गेला की नाही एवढाच. आपण निर्णयाला न्याय देत नाही, निकाल पाहून निर्णयाचे नाव ठरवतो. त्या वर्षी अंतिम फेरीत सॅन अँटोनियोने क्लीव्हलँडला 4-0 असे हरवले, कारण तो संघ मुळातच तोकडा होता. 2016 मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध 1-3 अशा पिछाडीवरून क्लीव्हलँड जिंकले, तेव्हा सातव्या सामन्यातला निर्णायक थ्री-पॉइंटर कायरी अर्व्हिंगने टाकला होता. लेब्रॉन तोच होता, सोबतीला आता अर्व्हिंग होता.

सामावून घेण्याचे सगळे मार्ग मैदानावरच असतात असेही नाही. टिम डंकनने 2012 मध्ये आधीच्या मानधनाच्या निम्म्याहूनही कमी रकमेवर नवा करार केला आणि त्याच्या सॅन अँटोनियो संघाला चांगले सहकारी टिकवून ठेवणे सोपे झाले. 2013-14 मध्ये त्या संघातल्या एकाही खेळाडूची सरासरी सामन्यामागे 30 मिनिटांपर्यंत पोहोचली नाही, आणि तरी अजिंक्यपद त्यांचेच होते. जॉर्डनचा मार्ग याच्या अगदी उलट, सरावात सहकाऱ्यांना सोलून काढण्याचा होता. 1995 मध्ये सरावादरम्यान त्याने बुल्समधल्याच स्टीव्ह करच्या तोंडावर ठोसा मारला होता. त्या प्रसंगानंतर आपले नाते सुधारले असे करने पुढे सांगितले असले, तरी तो मार्ग मी माझ्या मुलांना कधीही सुचवणार नाही.

आजच्या काळात हा विषय समजून घ्यायचा असेल तर निकोला योकिचला पाहावे. सर्बियातल्या सोम्बोर गावचा हा खेळाडू 2014 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तब्बल 41 व्या क्रमांकावर निवडला गेला. 2023 मध्ये त्याच्या डेन्व्हर संघाने आपले पहिले अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) एकूण गुण, रिबाउंड (हुकलेल्या नेमानंतर मिळवलेला चेंडू) आणि असिस्ट या तिन्हींत तो सर्वांच्या पुढे होता, आणि हे एकाच प्लेऑफमध्ये करणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. चेंडू त्याच्या हातात फार वेळ राहतच नाही. अनेकदा तो झेलता झेलताच पुढे दिला जातो, त्यामुळे बचावाला त्याच्यावर दुसरा माणूस पाठवायला वेळच मिळत नाही. तरीही त्याच प्लेऑफमध्ये फिनिक्सविरुद्धच्या मालिकेतल्या चौथ्या सामन्यात त्याने 53 गुण आणि 11 असिस्ट दिले आणि डेन्व्हर हरले. एका सामन्याच्या आकड्यांवरून कुणाला स्वार्थी किंवा निःस्वार्थी ठरवणाऱ्यांनी तो सामना अवश्य पाहावा.

आता पुन्हा जॉर्डनकडे येतो, कारण आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या शेवटच्या दोन अंतिम मालिकांत सापडते. 1997 मध्ये युटा जॅझविरुद्ध सहाव्या सामन्यात 86-86 अशी बरोबरी होती. टाइमआउटमध्ये जॉर्डनने करला तयार राहायला सांगितले, कारण युटाचा जॉन स्टॉकटन आपल्याकडे धावून येणार याची त्याला खात्री होती. तसेच झाले. स्टॉकटन करला सोडून गेला, जॉर्डनने पास दिला आणि करने फ्री थ्रो रेषेजवळून नेम साधला. सुमारे पाच सेकंद उरले होते. ठोसा खाणारा आणि पास घेणारा कर एकच.

वर्षभराने, 14 जून 1998 रोजी, तेच दोन संघ आणि पुन्हा सहावा सामना. बुल्स एका गुणाने मागे होते. जॉर्डनने कार्ल मलोनकडून चेंडू हिसकावला आणि तो एकटाच पुढे आला. या वेळी त्याने कुणालाही पास दिला नाही, ब्रायन रसेलला चकवून स्वतः नेम धरला आणि सामना 87-86 असा जिंकला. जॉर्डन शेवटी एकट्यानेच जिंकतो याचा पुरावा म्हणून हे दृश्य नेहमी दाखवले जाते. पुन्हा पाहाल तेव्हा जॉर्डनवरून नजर काढून स्टॉकटनकडे पाहा. तो या वेळी धावून येत नाही; स्टीव्ह करच्या जवळच उभा राहतो.