स्टीलचा पेला

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

चवथीला तू आमच्याकडे आलीस, गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभी राहिलीस आणि हळूच म्हणालीस, "मावशी, आई सगळ्यांना सांगते, ही आहे म्हणून मला भावाची काळजी नाही. ते ऐकलं की मला रात्री झोप येत नाही." घरात माणसं होती, आरती व्हायची होती. मी तुझ्या हातात नेवऱ्यांचा डबा ठेवला आणि गप्प बसले. तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे. बोलायला आपली कोकणी, पण मनातलं कागदावर उतरवायचं म्हटलं की माझा हात मराठीकडेच वळतो. इतकी वर्षं फळ्यावर तेच लिहिलं ना.

आधी त्या वाक्याबद्दल. तुझ्या भावासारखंच माझ्या मुलाला, बाबला, बौद्धिक अपंगत्व आहे, आणि तेच वाक्य मी माझ्या लेकीला ऐकवलं आहे, आणि तेही ती सातवीत असताना, पाहुण्यांसमोर, कौतुकानं. पुढे तिला पुण्याला चांगली नोकरी चालून आली, ती गेली नाही. कारण विचारलं की पगाराचं काहीतरी सांगायची. खरं काय ते मला कळलं ती तीस वर्षांची झाल्यावर, आणि त्या दिवशी मी ते वाक्य मागे घेतलं. तुझी आई कधी मागे घेईल ते मला ठाऊक नाही. ती वाईट नाही गं, दमली आहे. पण तिच्याच वाटेवरून चौदा वर्षं पुढे गेलेली आई म्हणून मी तुला सांगते: तुला पुण्याला जायचं आहे ना, जा. शपथ घालून घेऊन कुणी भावाला सांभाळू शकत नाही. त्याची माहिती असावी लागते, आणि ती सध्या एकट्या तुझ्या आईच्या डोक्यात आहे.

हे मी शिकले ते पडून. 2016 च्या पावसाळ्यात तुळशीपुढच्या शेवाळावरून घसरले, मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. ऑपरेशन, अकरा दिवस इस्पितळात. बाब तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. त्या दिवसापर्यंत एकही रात्र तो माझ्याशिवाय झोपला नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता! यजमान नि लेक माझ्यापाशी धावपळ करत होते, म्हणून शेजारणीनं त्याला स्वतःच्या घरी नेलं. पोटच्या पोरासारखं बघितलं तिनं. चौथ्या दिवशी पहाटे त्याला फीट आली. सात वर्षांत आली नव्हती. मी वॉकर घेऊन घरी आले आणि शेजारणीकडून परत आलेली त्याची उशी उन्हात टाकायला खोळ काढली, तर आत गोळ्या. ओल्या होऊन सुकलेल्या, सहा होत्या.

तिनं काचेच्या ग्लासातून पाणी दिलं होतं. बाब गोळी घेतो ती फक्त आजोबांचं नाव कोरलेल्या स्टीलच्या पेल्यातून. फिटीच्या गोळ्या अशा एकदम तुटल्या की फीट येते, हे डॉक्टरांनी मला शंभरदा सांगितलं होतं. पेल्याचं मात्र मी कुणालाही सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. ते सांगण्यासारखं काही आहे, हेच कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणून तू पुण्याला जाण्याआधी एक वही कर. दुकानातली साधी दोनशे पानी. आईला "माहिती सांग" म्हणालीस तर ती औषधांची नावं सांगेल आणि थांबेल. तसं विचारू नकोस. एक अख्खा दिवस त्याच्यामागे राहा, सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजतो तेव्हापासून दिवा मालवेपर्यंत, आणि दिसेल ते लिही. पेज तो कितपत गरम घेतो. हुमणातल्या माशाचे काटे कोण काढतं. न्हाणीघराची कडी आतून लावतो का. त्याच्या शब्दांचे अर्थ तर आवर्जून लिही. आमचा बाब "बस गेली" म्हणाला की त्याला भीती वाटते आहे असं समजायचं. लहानपणी एकदा कदंबा बसच्या स्टँडवर माझा हात सुटला होता, तेव्हापासूनचं आहे ते. परक्या माणसाला हे कसं कळणार? तो खिडकीतून रस्ता बघेल आणि म्हणेल, येईल हं दुसरी बस.

पहिल्या पानावर फिटीचं लिही. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन. आणि त्याच्याच खाली हे लिही, कारण यात मी एकदा फार चुकले आहे: तो अचानक चिडायला, मारायला, जेवण ढकलायला लागला तर आधी दुखणं शोधायचं. दात, कान, पोट साफ न होणं. बाब महिनाभर भिंतीवर डोकं आपटत होता, आम्ही दृष्ट काढली, एका डॉक्टरांनी "अशा मुलांत हे असतंच" म्हणून झोपेची गोळी वाढवली. दाढ किडली होती. ज्याला "दुखतं" म्हणता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं, बाय, आणि आपण त्यालाच स्वभाव समजतो.

वही झाली की सराव. नुसत्या वहीनं काही होत नाही. आम्ही आधी संध्याकाळचे दोन तास त्याला साखळी गावी माझ्या भावाकडे ठेवलं. मग जेवणापर्यंत. मग रात्र. पहिली रात्र फसली. अकरा वाजता भाऊ त्याला मोटरसायकलवरून परत घेऊन आला आणि मी दारातच रडले. खरं सांगते, मला आनंद झाला होता, त्याला माझ्याशिवाय जमलं नाही याचा. तो आनंद ओळखायला मला वेळ लागला. दोन महिन्यांनी पुन्हा पाठवलं, पेला आणि उशी बरोबर देऊन. राहिला. आता दर महिन्याला दोन रात्री तो मामाकडे नाहीतर बहिणीकडे फोंड्याला असतो. रात्री फोन करून मलाच विचारतो, "आई, तूं जेवली?"

आपल्याकडे "बाब" म्हणजे लहान मुलगा, आणि थोरामोठ्याच्या नावापुढे मानानं लावतात तेही "बाब"च. मी वर्षानुवर्षं पहिल्याच अर्थाला धरून बसले. त्याची दाढी मी करायची, शर्ट मी निवडायची. एकदा तो "म्हाका नाका", मला नको, म्हणून शर्ट फेकून देऊन उघडाच बसला तेव्हा मी त्याला ओरडले, आणि लेक म्हणाली, "आई, तुला निळा नको असता तर तू घातला असतास?" त्या दिवसापासून दोन शर्ट पुढे ठेवते. तुझा भाऊ बावीस वर्षांचा पुरुष आहे. खोलीचं दार लावायचा त्याला हक्क आहे, अंघोळ घालायला आईऐवजी बाबांनी जावं, आणि लग्नकार्यात त्याच्या गालाला हात लावणाऱ्या बायकांना तू खुशाल अडव. त्याला काम दे, लुटुपुटीचं देऊ नकोस. माटोळीला आमच्याकडे कांगल्यां, घागऱ्यो, कवंडळं, आंबाडे, सगळं बाबच ओळखून वेगळं करतो, आणि सुपारीचं शिपटं कुठे बांधायचं यावर यजमानांशी भांडतो. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं.

शाळेचं म्हणशील तर पर्वरीचं संजय स्कूल, फोंड्याजवळ ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान अशी ठिकाणं आपल्याकडे आहेत, आणि त्यांनी कितीतरी घरांना उभं केलं आहे. पण शाळेचं वय संपलं की पुढची चाळीस वर्षं घरातच काढायची असतात, आणि तुम्ही नेमके त्या उंबरठ्यावर आहात. दुपार रिकामी ठेवू नका एवढंच सांगते. देवळात फुलं नेऊन देणं असो, दुकानात नारळ सोलणं असो, रोज एकाच वेळी बाहेर पडायचं काहीतरी हवं.

आता कागद. कंटाळवाणे आहेत, पण तुझ्या बाबांना घेऊन बस. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्यानं आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. हे मला बँकेच्या खिडकीवर कळलं. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते, ती पालक नेमून देते. आईबाप अर्ज करू शकतात, भावंडंही करू शकतात. नेमणूक झाली की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. जाच वाटेल, पण उद्या कुणी त्याचा वाटा गिळू नये म्हणूनच तो आहे. त्याच ट्रस्टची निरामया विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, वैद्यकीय तपासणीची अट न घालता. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. तुझे बाबा सरकारी नोकरीतले. कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला त्यांच्या पश्चात आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकतं, आणि त्याचं नाव ते आत्ताच, हयातीत नोंदवून ठेवू शकतात. आम्ही ते केलं आहे.

घरावरून काका काय बोलत होते ते माझ्या कानावर आलं आहे. सगळं तुझ्या नावावर लिहून द्यावं म्हणजे तू भावाला बघशील, असं. गोव्यात तसं होत नाही म्हणून सांग त्यांना. पोर्तुगीजांच्या वेळेपासून चालत आलेला आपला वारसा कायदा, आता 2012 च्या कायद्यात आहे तो, आई-वडिलांना आपल्या वाट्याच्या निम्म्याचंच मृत्युपत्र करू देतो. उरलेलं निम्मं मुलांचं हक्काचं, मुलगी-मुलगा सारखेच, आणि त्यात तुझा भाऊ आलाच. घरात त्याचं स्वतःचं काही आहे हे मला फार मोलाचं वाटतं. वकिलाला भेटा, काकांना नको.

आणि तू जाता जाता विचारलंस ते, स्थळ आलं तर कधी सांगायचं. पहिल्याच भेटीत. सांगूही नकोस, भावाच्या शेजारी पाट मांडून त्याला जेवायला वाढ.

दिवाळी झाल्यावर तीन दिवस त्याला आमच्याकडे पाठव. बाबची खोली मोठी आहे, दोन खाटा मावतात. तुम्ही तिघं कुठेतरी जा, नाहीतर घरीच झोपा. येताना त्याची उशी बरोबर दे, आणि तो पाणी कशातून पितो ते मला लिहून कळव. आईला विचारू नकोस. तू बघ.

तुझी,
मावशी