शेव्हेलचं इंजिन आणि ४०१(के)चं कर्ज

मिशिगनमधल्या नोव्हायहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४६, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर, पगार वर्षाला १,१८,००० डॉलर. सहा वर्षांपूर्वी निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी १९६९ची शेव्हर्ले शेव्हेल एसएस ३९६ (एसएस म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’, ३९६ म्हणजे इंजिनाचं क्युबिक इंचातलं माप) घेतली, ३१,००० डॉलरला. इंजिन मूळचं, ३२५ अश्वशक्तीचं. आता ते तापलं की ऑइलचं प्रेशर पडतं, निळा धूर येतो, आणि पाचव्या सिलिंडरचं कम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी भरतं.

त्यांच्याकडे तीन दर आले आहेत. मूळ इंजिन होतं तसं पुन्हा बांधायचं, ९,५०० डॉलर. त्याच ब्लॉकला रीबोअर करून, लांब स्ट्रोकचा क्रँक आणि अ‍ॅल्युमिनियमची हेड घालून ४६१ क्युबिक इंच करायचं, १७,०००. किंवा ५०२ क्युबिक इंचाचं नवं तयार क्रेट इंजिन बसवायचं, २४,०००. त्यांचं मन दुसऱ्यावर आहे. त्यासाठी ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, २२,०००चं कर्ज काढायचं, आणि हप्ता झेपावा म्हणून स्वतःची वर्गणी पगाराच्या ६ टक्क्यांवरून ३वर आणायची, असा विचार आहे. पत्नीचं म्हणणं, गाडी आहे तशी विका आणि पैसे मुलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, टाका. मुलगी दहावीत आहे. बँकेत अडीअडचणीसाठी १९,००० आहेत, गाडीसाठी वेगळे ६,०००, आणि महिन्याचा खर्च ७,०००.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मूळ इंजिन बांधा, कर्ज काढू नका, आणि काम दोन टप्प्यांत करा. तुम्हाला आवडलेला दुसरा पर्याय तिन्हींत सगळ्यात तोट्याचा आहे. ५०२पेक्षाही.

याचं कारण इंजिनाच्या ब्लॉकवरच आहे. पॅसेंजरच्या बाजूच्या हेडच्या पुढे, ब्लॉकच्या वरच्या सपाटीवर एक छोटी पट्टी असते. पंप आणि ब्रॅकेटांच्या आड दडलेली आणि बहुतेक वेळा काळ्या ग्रीसखाली झाकलेली. फडक्याने हळूच पुसलीत तर दोन ठसे दिसतील. एक ‘टी’ने सुरू होणारा, म्हणजे इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात बनलं. दुसरा तुमच्या गाडीच्या व्हीआयएनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, तुकडा. १९६८पर्यंत शेव्हेलच्या व्हीआयएनची सुरुवातच सांगायची की गाडी एसएस आहे, तिथे १३८ असायचं. १९६९मध्ये एसएस हे मॉडेल न राहता पॅकेज झालं आणि व्हीआयएनमधून ती खूण गेली. अमेरिकेत बनलेल्या शेव्हेलचे कारखान्याचे दप्तरही मिळत नाही. तेव्हा तुमची गाडी खरी एसएस आहे हे कशावरून ठरणार? पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय बसवायचं याचा कारखान्याचा कागद, टिकला असेल तर त्यावरून, पहिल्या मालकाची प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीची धातूची पट्टी, असेल तर तिच्यावरून, नाहीतर ब्लॉकवरच्या या पट्टीवरून. तुमच्या पत्रात पहिल्या दोन्हींचा उल्लेख नाही. म्हणजे तुमच्या ३१,००० डॉलरांचा कागद म्हणजे हे लोखंड.

मशीन शॉपमध्ये ब्लॉकची वरची सपाटी घासून सरळ करतात. ती पट्टी त्याच सपाटीत असते. एक-दोन हजारांश इंच घासलं तरी ठसे जातात, आणि कारखान्याच्या कटरने उमटवलेल्या बारीक रेघाही जातात. नंतर कोणी आकडे पुन्हा ठोकून दिले तर जाणता गिऱ्हाईक त्या गायब रेघांवरूनच ओळखतो आणि उठून जातो. म्हणून काम कुणालाही द्या, पण ‘पट्टीला हात लावायचा नाही’ हे वर्क ऑर्डरवर लिहून घ्या. देण्याआधी तिचे जवळून फोटो काढा. सपाटी ठीक असेल तर घासायची गरजच नसते, आणि लागलीच तर पट्टी सोडून घासणारे कारागीर तुमच्या भागात मिळतील. डेट्रॉइटच्या परिसरात हे ज्ञान अजून जिवंत आहे.

आता ४६१चं गणित पाहा. तेवढं माप गाठायला ३९६च्या सिलिंडरचा व्यास साधारण ०.०६० इंचाने वाढवावा लागतो. हा त्या ब्लॉकचा जवळपास शेवटचा बोअर. ०.०३०मध्ये काम झालं तर पुढच्या पिढीसाठी एक बोअर शिल्लक राहतो. कापलेलं लोखंड परत येत नाही, म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही आपल्याच मालमत्तेचं आयुष्य कमी करताय. ५०२ घातलंत तर निदान मूळ इंजिन तेल लावून कोपऱ्यात ठेवता येतं आणि विकताना गाडीबरोबर देता येतं. पण २४,००० तुमच्याकडे नाहीत, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

शिवाय १७,००० हा आकडा १७,०००वर थांबणार नाही. तुमच्या एसएस पॅकेजात पुढचे डिस्क ब्रेक आणि १२ बोल्टचा मागचा अ‍ॅक्सल आलेला आहे, त्यामुळे तिथे खर्च कमी. पण मोठा रेडिएटर, एक्झॉस्ट, इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, हे एकामागोमाग येतं. तुम्ही २२,००० मागताय ते बहुधा हे मनातून ओळखूनच.

कर्जाकडे वळतो, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. २२,००० डॉलर, पाच वर्षं, साडेआठ टक्के, म्हणजे महिना साधारण ४५० डॉलर. व्याज आपल्याच खात्यात जातं हे खरं. पण वर्गणी ३ टक्क्यांवर आणलीत की कंपनीची जोडही अर्धी होते. तुमची कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते, म्हणजे आज वर्षाला ३,५४० डॉलर. उद्या १,७७०. पाच वर्षांत ८,८५० डॉलर तुम्ही टेबलावर सोडून उठणार. जवळपास एक अख्खं इंजिन बांधून होईल एवढे.

दुसरं, हे कर्ज नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी गेली किंवा सोडली तर बहुतेक योजनांत उरलेली रक्कम त्या वर्षाच्या कर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर ती खात्यातून काढून घेतली असं धरून त्यावर कर लागतो. समजा १५,००० बाकी आहेत. दोघांचं मिळून उत्पन्न त्या टप्प्यात जात असेल तर केंद्राचा २२ टक्के, मिशिगनचा ४.२५ टक्के, आणि वय साडेएकोणसाठच्या आत म्हणून १० टक्के दंड. साधारण ५,४०० डॉलर, तेही पगार बंद असताना. तुम्ही ज्या धंद्यात आहात तिथे ऑर्डर आटल्या की माणसं कमी होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. १९,००० म्हणजे पावणेतीन महिन्यांचा खर्च. सहा महिन्यांचे ४२,००० हवेत. घरावर कर्ज काढण्याचा विचार पुढे मनात आला तर तोही बाजूला ठेवा. गाडीसाठी वापरलेल्या त्या पैशांवरचं व्याज करात वजा होत नाही.

‘ही गुंतवणूक आहे’ असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय आणि लिलावात विकलेल्या एका शेव्हेलचा दाखला दिलाय. त्या गाडीचं इंजिन एल७८ प्रकारचं होतं, ३७५ अश्वशक्तीचं. तुमचं एल३५ आहे. रंग तोच, बाजार वेगळा. इंजिनावर घातलेले पैसे विकताना पुरते वसूल होतील असं धरून चालू नका. नफा झाला तर त्यावर कर आहे, आणि हौसेच्या गाडीत झालेला तोटा करात वजा करता येत नाही. ही हौस आहे. सहा वर्षं तुम्ही ती निगुतीने सांभाळलीत, मुलीला शेजारी बसवून डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, जिथे दर ऑगस्टला जुन्या गाड्यांची फेरी निघते, नेलीत, आणि मला ती हौस मोलाची वाटते. तिचे पैसे हौसेच्याच खात्यातून यावेत एवढंच माझं म्हणणं.

वहिनींच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण धूर मारणारी गाडी आज विकलीत तर घेणारा सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव पाडणार. निदान इंजिन उघडून आत काय आहे ते कळल्यावर विकायचं की ठेवायचं हे दोघांनी बसून ठरवा.

पहिला टप्पा आत्ताच्या ६,०००मधून. इंजिन उतरवा, खोला, ब्लॉक आणि हेडला तडे आहेत का ते तपासून घ्या, सिलिंडरच्या भिंतींची जाडी मोजून घ्या. हे झाल्यावर दर पुन्हा लेखी मागा. दुसरा टप्पा मार्चच्या बोनसमधून. तुम्ही ७,००० म्हणताय, कर कापून हाती कमी येतील. एवढ्यात ९,५०० जमतात. मात्र उघडल्यावर काही ना काही निघतंच, त्यासाठी २,००० डॉलर आणखी साठेपर्यंत इंजिनाची जुळणी सुरू करू नका. ही गाडी या ऑगस्टला वुडवर्डवर नाही धावली तर पुढच्या ऑगस्टला धावेल.

याच रकमेत करण्याजोग्या दोन सुधारणा बाहेरून दिसत नाहीत. एक, हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं आहे, ते शिसं व्हॉल्व्ह सीटची झीज रोखायचं, आणि १९९६पासून रस्त्यावरच्या गाड्यांना ते पेट्रोल बंद आहे. दुसरी, पिस्टन बदलणारच आहात तर कम्प्रेशन सव्वादहावरून साडेनऊच्या आसपास आणा, पंपावरच्या पेट्रोलवर इंजिन खडखडणार नाही. रोलर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, कमी घासणारा दांडा) मात्र वेगळा खर्च आहे. आजच्या ऑइलमध्ये जस्त कमी असल्यामुळे जुन्या पद्धतीचे कॅम लवकर झिजतात, तेव्हा पैसे उरले तर पहिला खर्च तोच करा.

विम्याची पॉलिसी काढून बघा. ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ लिहिलंय की ‘स्टेटेड व्हॅल्यू’? पहिल्यात गाडी पूर्ण गेली तर ठरलेली रक्कम मिळते, दुसरीत कंपनी कमीही देऊ शकते. इंजिन महिनोन्‌महिने मशीन शॉपमध्ये पडून असेल, तिथे ते चोरीला गेलं किंवा जळलं तर विमा लागू आहे का, हे ईमेलवर विचारून लेखी उत्तर ठेवा.

आणि इंजिन उतरेपर्यंत गाडी सुरू करू नका, गॅरेजमधून बाहेर काढायलाही नाही. तापल्यावर प्रेशर पडतंय म्हणजे बेअरिंग झिजल्या असण्याची शक्यता मोठी. एखादा कनेक्टिंग रॉड सुटून ब्लॉक फोडून बाहेर आला तर त्या पट्टीवरच्या आकड्यांना काही किंमत उरणार नाही. हलवायची वेळ आली तर फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा.